आईला कावळा शिवलेला नाही : एंडोमेट्रिओसिसचं दुखणं आणि घरात लहान मूल

नेहमी आपण इथे कोड, नोकरी, इंटरव्ह्यू आणि पगार यांवर गप्पा मारतो. आजचा भाग वेगळा आहे आणि पाहुणे कुणी नाहीत, मी एकटीच बोलणार आहे. बोलताना दोन ठिकाणी अडखळले, एकदा पाणी प्यायला उठले, तेवढं लिहिताना काढून टाकलंय. बाकी जसं बोलले तसंच जवळपास खाली आहे.

मी २९ वर्षांची आहे. बीटेक करून पुण्यात बॅकएंडचं काम करते. मला पावणेचार वर्षांची मुलगी आहे. आणि मला चौथ्या टप्प्याचं एंडोमेट्रिओसिस आहे. ही चार वाक्यं न थांबता म्हणता यायला मला दीड वर्ष लागलं.

मागच्या जुलैतली गोष्ट सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. मंगळवार होता. नवरा ऑफिसच्या कामाला बेंगळुरूला गेलेला. बाहेर धो धो पाऊस. साडेसहाला मी कुकर लावला, लेक हॉलमध्ये ठोकळे मांडत बसली होती. दुपारपासून ओटीपोटात दुखतच होतं, पण पाचला मीटिंग होती म्हणून गोळी घ्यायची राहिली. खरं सांगायचं तर राहिली नाही, "आत्ताच कशाला" म्हणून मीच पुढे ढकलली. पावणेसातला अशी कळ आली की भिंतीला धरून कशीबशी बाथरूमपर्यंत गेले. उलटी झाली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि फरशीवरून उठताच येईना. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. लेक बाथरूमच्या दारावर थापा मारत होती. तिचं रडणं ऐकून समोरच्या काकू आल्या, पण आमच्या दाराला आतून वरची कडी. तिथे तिचा हात पोचत नाही. काकू बाहेर, मी आत, मधे एक तीन वर्षांची पोर आणि गॅसवर कुकर.

वीस-बावीस मिनिटांनी मी रांगत येऊन गॅस बंद केला आणि स्टुलाला धरून कडी काढली. वरणाचा कोळसा झाला होता. बाकी काही झालं नाही. काहीही होऊ शकलं असतं, ते मी अजूनही रात्री कधीकधी मोजत बसते.

लेक जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली होती. काकूंनी तिला बाहेर काढलं तेव्हा तिने मला विचारलं, "आई, मी दूध सांडलं म्हणून तुला दुखलं?"

दूध सकाळी सांडलं होतं. मी विसरूनही गेले होते. तिने मात्र दिवसभर ते धरून ठेवलं होतं आणि संध्याकाळी दोन्हींची जोडणी केली. या वयाची मुलं अशीच विचार करतात, जगात जे काही होतं ते आपल्यामुळे होतं असं त्यांना वाटतं. आपण कारण सांगितलं नाही तर ती स्वतःचं कारण तयार करतात आणि त्या कारणात बहुतेक वेळा दोषी ती स्वतः असतात.

आता थोडं मागे जाते. माझं लहानपण सांगलीचं. महिन्यातले काही दिवस आई मागच्या खोलीत पोत्यावर बसलेली असायची, गुडघे पोटाशी घेऊन. जवळ गेलं की आजी म्हणायची, "हात लावू नको, तिला कावळा शिवलाय." ज्यांच्या घरी हे होतं त्यांना जास्त सांगायला नको. मी तर काठी घेऊन मागच्या शेवग्याखाली उभी राहायचे, कावळे हाकलायला. माझ्या आईला त्रास देणारा कावळा मला सापडला असता तर मी त्याला सोडला नसता.

ती शिवाशिव आम्ही आमच्या घरात ठेवली नाही. पण जुलैनंतर मी विचार करायला लागले की तिच्या जागी मी काय आणलं होतं? "आई दमलीये." "आईला मीटिंग आहे, आत येऊ नको." हा कावळाच की. फक्त माझा कावळा लॅपटॉप घेऊन आला होता.

तर आधी आजार काय आहे ते समजून घेऊ, मग मुलांकडे येऊ. मी डॉक्टर नाही, हे सगळं पेशंट म्हणून वाचलेलं आणि माझ्या डॉक्टर मॅडमना विचारून घेतलेलं आहे.

गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं आणि गर्भ राहिला नाही की गळून पडतं, तीच पाळी. एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढतात. अंडाशयांवर, बीजनलिकांवर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. त्यांनाही पाळीचे हार्मोन पोचतात, त्यामुळे तिथेही सूज येते, रक्त येतं, पण बाहेर पडायला वाट नसते. वर्षानुवर्षं हे चाललं की व्रण होतात आणि जे अवयव एकमेकांवरून सहज सरकायला हवेत ते चिकटतात. अंडाशयात जुनं रक्त साचून गाठ झाली तर तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, कारण आतलं रक्त घट्ट तपकिरी झालेलं असतं. माझ्या डाव्या बाजूला अशी एक होती, सहा सेंटीमीटरची. नाव ठेवणाऱ्याला चॉकलेट आवडत नसणार.

हे होतं कशामुळे? १९२०च्या दशकात जॉन सॅम्प्सन या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं की पाळीचं थोडं रक्त बीजनलिकांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. पण असं उलटं जाणं बहुतेक स्त्रियांमध्ये होतं आणि आजार मात्र थोड्यांनाच होतो. त्यामुळे प्रतिकारशक्ती आणि आनुवंशिकता यांचाही हात आहे असं मानतात. आई किंवा बहिणीला असेल तर आपल्याला होण्याची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी मुलींना आणि स्त्रियांना हा आजार आहे. तुमच्या टीममध्ये वीस बायका असतील तर हिशोब करा.

आणि तरी निदानाला वर्षं लागतात. माझी तेरा लागली. चौदाव्या वर्षापासून दुखायचं. बीटेकच्या तिसऱ्या वर्षी थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनचा पेपर एका तासात सोडून बाहेर आले, बाकावर बसवेना. बॅकलॉग लागला. घरी सगळ्यांचं एकच, "पाळीत दुखतंच, आपल्या घरात सगळ्यांनाच दुखतं." आता कळतं, "आपल्या घरात सगळ्यांनाच" हे ऐकून डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. आम्ही ते ऐकून निर्धास्त झालो.

सोनोग्राफीत काही दिसलं नाही म्हणजे आजार नाही असं होत नाही, हे आवर्जून सांगते. चॉकलेट सिस्ट साध्या सोनोग्राफीत दिसते, खोलवर रुजलेले भाग अनुभवी नजर असेल तर सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसतात, पण पडद्यावरचे बारीक ठिपके सहसा कशातच दिसत नाहीत. पूर्वी दुर्बिणीने आत पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत हे बदललं. आता लक्षणं आणि तपासण्या पाहून उपचार सुरू करता येतात, दुर्बीण सगळ्यांना लागत नाही.

आणखी एक. टप्पे एक ते चार असतात, पण ते किती पसरलंय आणि किती चिकटलंय ते सांगतात, किती दुखतंय ते सांगत नाहीत. पहिल्या टप्प्याची बाई जमिनीवर लोळत असू शकते आणि चौथ्या टप्प्याची कुणाला काहीच त्रास नसतो. शिवाय वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील होते. आमच्या भाषेत, अलर्टचा थ्रेशोल्ड इतका खाली येतो की साध्या गॅसेसनेही सायरन वाजतो. म्हणून पाळी नसतानाही दुखतं, शी करताना दुखतं, मांडीत कळ उतरते, संबंधाच्या वेळी दुखतं. हे शेवटचं कुणी बोलत नाही म्हणून बोलले.

"मूल झालं की थांबेल" हे मला एका डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि सासूबाईंनीही. दोघांचाही हेतू चांगला होता. गरोदरपणात आणि अंगावर पाजत होते तोवर खरंच दुखलं नाही, पाळीच नव्हती. सगळे म्हणाले, "बघ, म्हटलं होतं ना." लेक दीड वर्षाची झाली, दूध तोडलं, पाळी सुरू झाली आणि तीन महिन्यांत दुखणं आधीपेक्षा वाढून परत आलं. त्या २०२२च्या सूचनांत स्पष्ट आहे की केवळ हा आजार बरा करायला म्हणून गरोदर राहा असा सल्ला देऊ नये. मला लेक हवी होती, ती औषध म्हणून हवी नव्हती, आणि तिच्यावर तो भार टाकणं मला आजही पटत नाही.

उपचारांबद्दल थोडक्यात. पेनकिलरचं पाहा. सूज आणि कळा आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरात तयार होतात, मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन वगैरे गोळ्या ती तयार होणं अडवतात. तयार झाल्यावर अडवून तेवढा उपयोग होत नाही. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली गोळी कळ चढायच्या आधी, पोटात काहीतरी घालून घ्यायची. दात-ओठ खाऊन सहन करायचं आणि अगदीच असह्य झालं की घ्यायची, हे मी तेरा वर्षं केलं आणि जुलैच्या त्या मंगळवारीही केलं. पण म्हणून दुकानातून आणून मनाने घेत राहू नका. पोट आणि किडनीवर परिणाम होतो. शिवाय २०२३च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित होणाऱ्या गंभीर ॲलर्जीबद्दल सावध केलं होतं. अंगावर पुरळ आणि ताप आला तर गोळी थांबवून लगेच दाखवायचं.

हार्मोनच्या गोळ्यांत मला डायनोजेस्ट मिळाली, रोज दोन मिलिग्रॅम. पहिले काही महिने मधेच रक्तस्राव, डोकेदुखी, विनाकारण रडू. जुलैच्या आधी दोन महिन्यांतच मी ती स्वतःच्या मनाने बंद केली होती आणि मॅडमना सांगितलंही नव्हतं. ही चूक माझी. त्रास होतो म्हणाले असते तर वेळ बदलून, दुसरं औषध देऊन काहीतरी केलं असतं. सप्टेंबरमध्ये दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, सिस्ट काढली, चिकटलेलं आतडं सोडवलं. गोळी परत सुरू आहे. दुखणं कमी झालंय, गेलेलं नाही. महिन्यात दोन-तीन दिवस अजून वाईट जातात आणि पुन्हा वाढू शकतं हेही मला माहीत आहे. ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी सुरू केली, त्याचा मला वाटलं त्यापेक्षा फायदा झाला. हे स्नायू दुखण्याने कायम आवळलेले राहतात, त्यांना सैल सोडायला शिकावं लागतं. व्हिडिओ बघून आवळण्याचे व्यायाम करत होते ते माझ्यासाठी उलटे होते.

विम्याचं एक वाक्य. स्वतः घेतलेल्या पॉलिसीत या ऑपरेशनला बऱ्याचदा दोन वर्षांची थांबायची अट असते, ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत सहसा नसते. नोकरी बदलायच्या आधी कागद वाचा.

आता लेकीकडे येते. आमच्या कामात एखादी सिस्टिम पडली की नंतर बसून लिहून काढतात, काय झालं, कधी झालं, पुढच्या वेळी काय करायचं. त्यात कुणाला दोष द्यायचा नाही असा नियम असतो, कारण दोष आला की लोक लपवायला लागतात. जुलैनंतरच्या शनिवारी मी आणि नवरा तसे बसलो. पहिला तास मी नुसती रडले, ते लिहून काढण्यासारखं नाही. मग लक्षात आलं की आम्ही दुखण्याला दर महिन्याला अचानक आलेला पाहुणा समजत होतो. ते येणार हे माहीत होतं, साधारण कधी येणार हेही माहीत होतं, तरी घरात त्याची काहीही तयारी नव्हती.

सर्व्हरवर फार लोड आला की आम्ही सगळं बंद पडू देत नाही. शिफारशी, फोटो असल्या गोष्टी बंद करतो आणि पैसे भरायचं पान तेवढं चालू ठेवतो. घरात पैसे भरायचं पान कोणतं? आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. लेक सुरक्षित हवी, तिचं पोट भरलेलं हवं आणि आई कुठे आहे, काय होतंय हे तिला माहीत हवं. लाल दिवशी बाकी सगळं बंद. आंघोळ नाही झाली तर नाही. कार्टून दीड तास चाललं तर चाललं. यावर मला कुणी सल्ला द्यायला येऊ नये, त्या दिवशी ती टीव्ही बघत हसत असते आणि मी तिच्या शेजारी पडलेली असते, तेवढं मला पुरतं.

सुरक्षेचं आधी केलं. मी एकटी असताना दाराची वरची कडी लावायची नाही, फक्त लॅच, आणि एक किल्ली समोरच्या काकूंकडे. काकूंना मी मोघम "कधी लागलं तर" असं न म्हणता बसून नीट सांगितलं, मला काय आजार आहे, मेसेजमध्ये नुसतं "लाल" आलं की काय करायचं. त्या म्हणाल्या, "अगं, आधी सांगायचं ना. मला वाटायचं तुमचं काही भांडण होतं." त्यांचे ऑनलाइन फॉर्म आणि बिलं मी भरून देते, त्यामुळे मलाही मागायला जड जात नाही. लाल दिवशी गॅस पेटवायचा नाही, लागलंच तर टायमरवर बंद होणारं इंडक्शन. बाथरूमला आतून कडी नाही. माझ्या गोळ्या कुलपाच्या डब्यात, कारण लेक माझी नक्कल करते आणि या गोळ्या लहान मुलाच्या पोटात गेल्या तर जिवावर बेतू शकतं. रबरी गरम पाण्याची पिशवीही बंद केली, ती अंगावर उड्या मारते. आता आपोआप बंद होणारं हिटिंग पॅड, तेही कपड्यावरून. रोज तासन्‌तास शेकून माझ्या पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग उठले होते, तसे दिसले तर उष्णता कमी करा.

जेवणासाठी स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा कप्पा तिचा. केळी, राजगिऱ्याचे लाडू, मऊ खजूर बिया काढून, पाण्याची छोटी बाटली. तिला हात पुरतो. दहीभात काकूंकडून येतो. आणि झोपून खेळायचे खेळ आम्ही जमवलेत. नवऱ्याच्या जुन्या पांढऱ्या टीशर्टच्या पाठीवर मार्करने रस्ते, सिग्नल आणि एसटी स्टँड काढलंय. मी तो घालून पालथी पडते, ती माझ्या पाठीवर गाड्या फिरवते. कंबर दाबून निघते ती वेगळीच.

नवऱ्याबद्दल एक सांगते. तो मदत करत नव्हता असं नाही. पण दर वेळी विचारायचा, "काय करू सांग." कळ चाललेली असताना कामं वाटून देणं हेही कामच आहे हो. आता फ्रिजवर कागद आहे. तो विचारत नाही, कागद बघतो. प्रवास असेल तर आधी कॅलेंडर बघतो.

सगळ्यात अवघड होतं ते तिला सांगणं. मी चार-पाच वेळा मनात घोकलं आणि शेवटी बऱ्या दिवशी, ती चित्र रंगवत असताना सांगितलं. बरा दिवस महत्त्वाचा. कळ चालू असताना समजावायला गेलं की तिला फक्त माझा चेहरा दिसतो. मी म्हणाले, "आईच्या पोटात एक बाऊ आहे. तो कधी झोपतो, कधी जागा होतो. जागा झाला की आईला खूप दुखतं, आई रडते पण. तो तुझ्यामुळे जागा होत नाही. तू दूध सांडलं तरी नाही, हट्ट केला तरी नाही. तो तुला चिकटणार नाही. आई झोपलेली असेल तेव्हा बाबा नाहीतर काकू तुझ्याजवळ असतील."

तिने विचारलं, "बाऊ कधी जाणार?" मी "लवकर" म्हणणार होते. म्हणाले, "माहीत नाही. डॉक्टर मॅडम त्याला झोपवतात." तिने मान हलवली आणि हत्ती जांभळा रंगवला. मला वाटलं होतं मोठं काहीतरी होईल.

पुढचे दोन महिने ती दर थोड्या दिवसांनी विचारायची, "मी सांडलं म्हणून नाही ना?" दर वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत. एकदा सांगून होत नाही.

मग उलटाच प्रकार सुरू झाला. मी कुठे हात पोटावर ठेवला की ही खेळ सोडून यायची, पांघरूण आणायची, "आई, बाऊ उठला?" विचारत शेजारी बसून राहायची. येणारे-जाणारे कौतुक करायचे, "किती समजूतदार आहे गं." मला सुरुवातीला बरं वाटलं आणि मग भीती वाटली. तीन वर्षांच्या पोरीने माझ्या चेहऱ्यावर पहारा का द्यावा? आता तिला एकच काम दिलंय, हिटिंग पॅड आणून देणं, वायर काढलेलं. ते झालं की मी म्हणते, "झालं तुझं काम, आता खेळ. मोठ्यांची काळजी मोठी माणसं घेतात." आणि मी बरी असले की ते तिला सांगते. "आज बाऊ झोपलाय" हे ऐकायचाही तिला हक्क आहे, नाहीतर तिला कायम फक्त वाईट बातमीच मिळते.

मी ओरडलेही आहे. डिसेंबरमध्ये ती पोटावर चढली आणि मी इतक्या जोरात ओरडले की ती थरथरली. तासाभराने जवळ घेऊन सांगितलं, "मला दुखलं म्हणून मी ओरडले. पण तुझ्यावर ओरडायला नको होतं, चुकलं माझं." दुखणं हे कारण आहे, ते माफीच्या जागी चालत नाही. उचलून घेण्याचंही ठरलंय. ती पंधरा किलोची आहे, लाल-पिवळ्या दिवशी उभ्याने उचलणं बंद. मी खाली बसते, ती मांडीत येते.

तिला हेही शिकवलंय की आई हाक मारूनही बोलली नाही तर दार उघडून काकूंना हाक मारायची. लॅच तिला उघडता येतो, म्हणजे ती बाहेरही जाऊ शकते, हा धोका आम्ही समजून घेतलाय. थोडी मोठी झाली की ११२ शिकवू. ॲम्ब्युलन्सचा १०८ फ्रिजवर आहेच. तुम्हीही लिहून ठेवा की नेहमीचं दुखणं कोणतं आणि हॉस्पिटलचं कोणतं. ताप, बेशुद्ध होणं, एका बाजूला अचानक सुरू झालेली भयंकर कळ आणि उलट्या, लघवी अडकणं, पाळी चुकलेली असताना दुखणं, यात "आपलं नेहमीचंच" म्हणून घरी थांबायचं नाही. सिस्ट फुटणं, अंडाशयाला पीळ पडणं, नळीत गर्भ राहणं असं काहीही असू शकतं. आणि मन खचत चाललं असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर टेलिमानसचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं. मी ऑपरेशनच्या आधी एका रात्री केला होता.

ऑफिसात टीम लीडला मी आजाराचं नाव सांगितलं आणि म्हटलं, महिन्यात दोन-तीन दिवस मला रिलीज आणि ऑन-कॉल नको, बाकीच्या दिवसांत मी भरून काढीन. झालं. पण मला घरून, पडून काम करता येतं. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस रजा आहे. आणि आपल्याकडे २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न गाजला, तरुण वयात पिशव्या काढलेल्या, खाडा झाला की पैसे कापले जातात म्हणून. फरशीवर पडून राहायलाही पगारी नोकरी लागते, हे बोलल्याशिवाय माझी ही सगळी व्यवस्था सांगणं खोटं वाटेल.

माझ्या आईचीही पिशवी ४१व्या वर्षी काढली. "सुटले एकदाची" म्हणाली होती, पण कंबर धरून बसणं काही थांबलं नाही. बाहेर रुजलेलं असेल तर पिशवी काढून ते जातंच असं नाही. तिला हा आजार होता का, ते आता कळायला मार्ग नाही, कुणी बघितलंच नव्हतं.

दिवाळीत आई पुण्याला आली होती. लेक तिच्या मांडीवर बसून म्हणाली, "आजी, माझ्या आईच्या पोटात बाऊ आहे. तुझ्या पण होता?" मी मधे पडणार होते. आईने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघून म्हणाली, "होता गं." मग तिने आम्हाला दोघींना सांगितलं, उलट्या व्हायच्या, शाळेत शिकवताना टेबलाला पोट दाबून उभी राहायची, घरी आल्यावर त्या खोलीतच तेवढं आडवं व्हायला मिळायचं म्हणून पोत्यावर बसणंही बरं वाटायचं. हे मी २९ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मी तिला शेवग्याखालच्या काठीचं सांगितलं. तेही तिला माहीत नव्हतं.

चला, थांबते. साडेनऊ झालेत, हिला झोपवायचंय. आजचा दिवस पिवळा होता.